हेड नंबर चार: भेटवस्तू

दिल्लीत, आर. के. पुरमच्या सेक्टर आठमधल्या एका सरकारी क्वार्टरात, सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळच्या पोह्यांनंतर अर्थसंकल्प सादर करण्यात आला. सादर करणारे गुणवंत हे एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. दुसऱ्यांच्या खर्चाला हरकत घेण्याचं काम त्यांनी आयुष्यभर निष्ठेने केलं होतं. स्वतःच्या घरात मात्र खर्च म्हणावा असा खर्च कधी झालाच नव्हता, त्यामुळे ही विद्या घरच्यांच्या वाट्याला आली नव्हती. आता त्यांची मुलगी सृष्टी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, सहा आठवड्यांच्या समर प्रोग्रामसाठी इंग्लंडला निघाली होती आणि तिच्याबरोबर तीनशे पौंड निघाले होते.

सभेच्या अध्यक्षस्थानी गुणवंतांच्या मातुःश्री चंद्रप्रभाबाई होत्या. बाईंची शाळा चौथीत सुटली. पुढे काही शिकण्यासारखं उरलं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही आणि कुणाची तसं सांगायची हिंमतही झाली नाही. प्रोग्रामची फी आणि विमानाचं तिकीट गुणवंतांच्या प्रॉव्हिडंट फंडातून गेलं होतं. वरखर्चाचे तीनशे पौंड मात्र बाईंच्या चार पाटल्यांमधून आले होते. पाटल्या मोडताना त्यांनी डोळ्यांत टिपूस आणलं नाही. सोनाराला एवढंच म्हणाल्या, "काटा नीट धर मेल्या, मी आंधळी नाही."

त्यांची अट एकच होती. "पोरीने सर्टिफिकेट घेऊन यायचं. खाली सही, वर शिक्का. मग पाटल्या गेल्या ते सत्कारणी लागलं म्हणेन." अटीला कारणही होतं. ते सर्टिफिकेट दाखवलं तर सृष्टीचं कॉलेज पुढे एम.ए.ची दोन्ही वर्षं स्कॉलरशिप देणार होतं. नाही दाखवलं तर पुन्हा प्रॉव्हिडंट फंड होता, आणि त्यात आता प्रॉव्हिडंट तेवढा शिल्लक होता.

गुणवंतांनी घसा साफ केला. "एकूण पाच हेड. हेड नंबर एक, जेवण, एकशेऐंशी पौंड. नंबर दोन, प्रवास, चाळीस. नंबर तीन, फोन, वीस. नंबर चार, भेटवस्तू, वीस. नंबर पाच, आकस्मिक, चाळीस. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला लावायचा असेल तर आधी मंजुरी."

"कुणाची?" सृष्टीने विचारलं.

"माझी. आणि माझ्यावर आईची."

"बाबा, मी इंग्लंडात असेन आणि भूक लागली तर?"

"भूक हेड एकमध्ये बसते," गुणवंत म्हणाले आणि कागद मिटला.

खरं तर पैशाचं नियोजन कसं करावं, हे शिकवायला प्रोग्राम ठरवून देणाऱ्या कंपनीने स्वतंत्र कार्यशाळा ठेवली होती. कंपनी गुडगावच्या नव्या काचेच्या इमारतीत होती. कार्यशाळेची फी पंधराशे रुपये. मुलीबरोबर पालक हवेत म्हणून सगळं घर बस बदलत बदलत गेलं. तिथे सुजय नावाचा टायवाला काउन्सेलर होता. आईवडील मूळ नागपूरचे, जन्म दिल्लीचा.

"आजी, माझी मराठी थोडी वीक आहे हां," तो म्हणाला. "मनी मॅनेजमेंटचा पहिला रूल बिल्कुल सिम्पल आहे. अननेसेसरी खर्च टाळायचा."

"मग हे पंधराशे कशाचे घेतलेस?"

"हे तर नेसेसरी आहे, आजी. कम्पल्सरी आहे ना!"

त्याने प्रत्येकाला गुळगुळीत कागदाचं ब्रोशर दिलं. शेवटच्या पानावर तळाशी, मुंग्यांची रांग जावी इतक्या बारीक अक्षरांत, एक ओळ होती. सृष्टीने ती मराठीत करून सांगितली: शेवटच्या आठवड्यातला लंडनचा अभ्यासदौरा ऐच्छिक आहे, खर्च विद्यार्थ्याचा, दौरा न करणाऱ्यास प्रमाणपत्र मिळणार नाही.

"म्हणजे जेवण ऐच्छिक," बाई म्हणाल्या, "पण उपाशी मेलात तर आम्हाला विचारू नका."

कुमुद, गुणवंतांची बायको, सरकारी शाळेत गणित शिकवायची. ती परतीच्या बसमध्ये म्हणाली, "अहो, मग या दौऱ्याला एक हेड काढा ना."

"ऐच्छिक खर्चाला हेड देता येत नाही. सक्तीचा असता तर जरूर दिला असता."

"पण तो सक्तीचाच आहे."

"तसं लेखी नाही," गुणवंत म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. पण सृष्टी परदेशी चालली ही बातमी चंद्रप्रभाबाईंनी महिला मंडळात स्वतः, उभ्या राहून, दोनदा सांगितली. आणि परदेशी निघालेल्या माणसाला आपले लोक रिकाम्या हाताने निरोप देत नाहीत. पाकिटं येऊ लागली. प्रत्येकात एकशेएक रुपये आणि वर हळदीकुंकवाचं बोट. पाकीट देताना कुणीच काही मागितलं नाही. मागितलं ते निघताना, दारात, एक पाय चपलेत घालून.

"आमच्यासाठी काही आणायचं नाही हं, सृष्टी," सुमित्राबाई म्हणाल्या. त्या आधी शेजारी राहत. आता गुडगावच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर गेल्या होत्या, जिथे लिफ्ट आलेली होती आणि वीज यायची होती. "पैसे जपून वापर. अगदीच वाटलं तर एक छोटंसं परफ्युम. मोठं मुळीच नको. छोटं म्हणजे आपलं ते शंभर एमएल."

कुणाला अगदीच वाटलं तर चॉकलेटं चालणार होती, पण बदामाची. कुमुदची बहीण लता हिला काही म्हणजे काहीच नको होतं, फक्त तिचं माप मध्यम होतं. अशी तेवीस घरं झाली. गुणवंतांनी 'अगदीच वाटलं तर' या शब्दांची नोंद 'मागणी' अशी केली आणि हिशेब मांडून सांगितलं की हेड नंबर चारमध्ये वीस पौंडांत एवढं बसणार नाही.

"पाकिटांचे पैसे आहेत ना?" कुमुद म्हणाली. "त्याचेच पौंड घेऊ."

ते पैसे नव्हते. पाकीट देणाऱ्यांना जेवायला घालायला नको? तेवीस घरांचं श्रीखंड-पुरीचं जेवण झालं आणि पाकिटांत आलेलं सगळं श्रीखंडात गेलं. वर बटाट्याची भाजी अंगावर पडली ती वेगळीच.

"मग चार जणांना देऊ, बाकीच्यांना थँक्यू म्हणू," सृष्टी म्हणाली.

चंद्रप्रभाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं पाणीपुरवठा बंद असताना उघड्या राहिलेल्या नळाकडे पाहतात. "पाकीट घेतलं म्हणजे आहेर घेतला. आहेर घेतला म्हणजे तो परतवायचा. आपल्या घराण्यात आजवर कुणी आहेर गिळलेला नाही. तुझ्या आजोबांनी दमा गिळला, पण आहेर नाही."

आहेर राहिला. हेड नंबर चार वीस पौंडांवरून दीडशेवर गेलं. वाढलेले एकशेतीस पौंड कुठून तरी यायला हवे होते आणि ज्यात काढण्याजोगं काही होतं असं हेड एकच. जेवण एकशेऐंशीवरून पन्नासवर आलं.

"आई, सहा आठवडे! पन्नास पौंडांत!" कुमुद ओरडली.

"नाश्ता त्यांच्या हॉस्टेलात फुकट आहे. बाकीचं मी देते. आमच्या हातचं खाऊन कुणी इंग्लंडात मेल्याचं ऐकलं नाही."

बाईंनी चार दिवस चुलीपुढे काढले. लाडू झाले, चिवडा झाला, शंकरपाळे, मेतकूट, भाजणी. बॅगेत वीस किलो चालत होते. कबाडीवाल्याला वर बोलावून त्याच्या काट्याला बॅग टांगली तेव्हा ती सव्वीस भरली. काय काढायचं यावर चर्चा फार चालली नाही. शब्दकोश काढला, छत्री काढली, आणि दोन स्वेटर काढले.

"आजी, स्वेटर राहू दे. तिकडे थंडी असते."

"जून महिन्यात?" बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता आणि कूलर गरम वाफा टाकत होता. "समर प्रोग्राम ना? समर म्हणजे उन्हाळा, हे मलाही कळतं. उन्हाळ्यात स्वेटर घालून हिंडलीस तर गोरे हसतील."

पहिल्या शनिवारी सृष्टीचा फोन आला. सगळं घर फोनभोवती बसलं. गुणवंतांच्या हातात विषयपत्रिका होती.

"बाबा, इथे खूप थंडी आहे. पाऊस आहे. मला एक स्वेटर घ्यावा लागेल. बारा पौंडांचा आहे."

"कुठल्या हेडमधून?"

गुणवंतांनी विषयपत्रिका उलटून पाहिली. फोनचे पौंड जात राहिले. कपड्यांना हेडच नव्हतं. आकस्मिक म्हणावं तर इंग्लंडात थंडी असते हे सृष्टीने स्वतः आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे ते आकस्मिक राहिलं नव्हतं. शेवटी तोड चंद्रप्रभाबाईंनी काढली. लताला काहीतरी द्यायचंच होतं, तिचं माप मध्यम होतं. स्वेटर हेड नंबर चारमधून मध्यम मापाचा घ्यावा. सृष्टीने तो तात्पुरत्या स्वरूपात अंगात घालावा. लेबल काढू नये, धुऊ नये, आणि जेवताना घालू नये.

"जेवताना काढून ठेवू?"

"तसंही जेवण कितीसं आहे?" बाई म्हणाल्या.

यातून दुसरा विषय निघाला. लाडू-चिवडा संपला होता. सहा आठवड्यांचा फराळ चार दिवसांत. सृष्टीच्या मजल्यावर कोरियाची एक आणि स्पेनच्या दोन मुली होत्या. आणि एकट्याने खाणं हे राक्षसाचं लक्षण, असं आजीनेच तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. संस्कारांचा हा खर्च कुणीच धरलेला नव्हता.

पुढचे दोन शनिवार असेच गेले. भाजीच्या दुकानात संध्याकाळी उरलेलं स्वस्त मिळतं, पण ते आजचं की उद्याचं धरायचं, याला मंजुरी. सकाळच्या फुकट नाश्त्यातले चार टोस्ट कागदात गुंडाळून दुपारला नेले, हे कळल्यावर गुणवंतांनी 'उत्तम नियोजन' असा शेरा मारला. या मंजुऱ्या मागता मागता तिसऱ्या आठवड्यात फोनचं हेड संपलं. मंजुरीशिवाय खर्च करता येत नव्हता आणि पैसे संपल्यामुळे मंजुरी मागता येत नव्हती. गुणवंत कुमुदला म्हणाले, "यालाच वित्तीय शिस्त म्हणतात."

तेव्हापासून शनिवारी घरच्यांनी मुनिरक्याच्या एसटीडी बूथवरून फोन करायचा असं ठरलं. घरच्या फोनवर परदेशी कॉल लावायची सोय गुणवंतांनी बिलाच्या भीतीने कधी घेतलीच नव्हती. बूथ काचेचा, आतला पंखा बंद, आणि लाल आकड्यांचा मीटर असा पळायचा की बाई त्याच्याकडे पाठ करून बसत. बाहेर रांगेत यूपीएससीची पोरं असायची. त्यांतला धीरज बार्शीचा होता. तिसरा अटेम्प्ट. आत बोललेलं सगळं बाहेर ऐकू यायचं, त्यामुळे सृष्टीचं अर्थकारण मुनिरक्यात अभ्यासक्रमाचा भाग झालं होतं.

पाचव्या शनिवारी सृष्टीचा आवाज वेगळा होता.

"बाबा, लंडनच्या दौऱ्याचे पैसे सोमवारी सकाळी भरायचे आहेत. साठ पौंड. नाही भरले तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर स्कॉलरशिप नाही."

"तुझ्याकडे पैसे किती आहेत?"

"जेवणाचे संपले. प्रवासाचे संपले. आकस्मिकचे चाळीस आहेत, आणि चार नंबरमध्ये एकशेअडतीस."

"आकस्मिकमधून देता येणार नाही," गुणवंत म्हणाले. "दौरा ब्रोशरमध्ये छापलेला होता. जे आधी माहीत होतं ते आकस्मिक कसं?"

"बरोबर आहे सर," बाहेरून धीरज काचेला तोंड लावून म्हणाला. "आणि चाळीसमध्ये साठ बसतही नाहीत. चारमधूनच काढावे लागतील, पण त्याला वरची मंजुरी हवी."

"तू पास हो रे बाबा," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "म्हणजे देशाचं जे व्हायचं ते एकदाचं होऊन जाऊ दे."

"बाबा," पलीकडून सृष्टी म्हणाली, "मी काल दुपारपासून काही खाल्लं नाहीये. उपाशी राहणं तरी आकस्मिकमध्ये बसतं का?"

गुणवंत प्रामाणिक माणूस होते. त्यांनी विचार केला. "नाही बेटा. ते तू गेल्या शनिवारीच कळवलं होतंस."

कुमुदने फोन हिसकावला आणि सासूच्या हातात दिला. "आई, तुम्ही हो म्हणा. तुमच्या एका शब्दाचं काम आहे. साठ पौंड. चारमधून."

बाईंनी फोन कानाला धरला. पलीकडे पोरीचा श्वास ऐकू येत होता. इतक्या लांबून इतका स्पष्ट! बाईंना खरंच वाटलं की हो म्हणावं. पाटल्या त्यांच्याच होत्या. त्या कशासाठी मोडल्या हेही त्यांना पाठ होतं. मग त्यांना मंडळाची सभा आठवली. कुणाला काय येणार आहे, हे त्यांनी तिथे आधीच जाहीर केलं होतं. साठ पौंड म्हणजे निदान नऊ घरं. कोणती नऊ? ज्या वगळू त्या नऊ जणी दाराआड काय बोलतील, ते बाई आत्ताच शब्दशः म्हणून दाखवू शकल्या असत्या, कारण त्यांच्या जागी त्या स्वतः तेच बोलल्या असत्या.

"सृष्टी, ते सर्टिफिकेट केवढं असतं गं?"

"म्हणजे? कागद असतो आजी. एक पान."

"एकच?"

"हो."

"हळदीकुंकवाला वाटता येत नाही ना?"

बूथवाला म्हणाला, "माताजी, छह मिनट हो गए."

"कागद एक आणि घरं तेवीस," बाई म्हणाल्या. "तू शहाणी आहेस. स्कॉलरशिपचं पुढे बघू. आज आकस्मिकमधून पोटभर जेव, मी सांगते. आणि सुमित्रेचं परफ्युम विसरू नकोस. शंभर एमएल."

आकस्मिकमधून जेवायला मंजुरी दिली, यावरून गुणवंत घरी येईपर्यंत आईशी बोलले नाहीत. नियम मोडायला एकदा सुरुवात झाली की कुठे थांबायचं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सृष्टी जुलैत परतली. विमानतळावर तिची बॅग वीस किलो भरली आणि ती स्वतः गेली होती त्यापेक्षा बरीच कमी. रविवारी तेवीस घरं जमली.

"अय्या, किती छान बारीक झाली!" लता म्हणाली. "फॉरेनला जिम असते ना?"

"तिकडचं खाणंच लाइट असतं," सुमित्राबाईंनी माहिती दिली. "आपल्यासारखं तेलकट नाही. माझ्या नातवालाही पुढच्या वर्षी पाठवते, फार सुटलाय."

वस्तू वाटल्या गेल्या. चॉकलेटं बदामाची होती. लताने स्वेटर हुंगून 'फॉरेनचा वास' सर्वांना दिला. तो इंग्लंडच्या पावसाचा आणि सृष्टीच्या घामाचा होता. सर्टिफिकेट दाखव, असं कुणीही म्हणालं नाही. कॉलेजने मात्र म्हटलं, आणि स्कॉलरशिप दुसऱ्या मुलीला दिली. गुणवंतांनी दुसऱ्या दिवशी फंडाचा फॉर्म आणला. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'उच्च शिक्षण' लिहिलं.

"आणि चंद्रप्रभाताई, तुम्हाला काय आणलं?" सुमित्राबाईंनी निघताना विचारलं.

बाईंनी सृष्टीकडे पाहिलं. सृष्टीने बाबांकडे.

"आईचं नाव यादीत नव्हतं," गुणवंत म्हणाले. "यादी पाकिटांवरून केली होती. आईने पाकीट दिलं नव्हतं."

एका पायात चप्पल घातलेल्या बायका दारात जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. चंद्रप्रभाबाईंनी पदर रिकाम्या मनगटावर ओढून घेतला. "मला काय करायचंय त्या वासांचं?" त्या म्हणाल्या. "उभ्या काय राहिलात? सुमित्रे, लिफ्ट चालू असेल तोवर पोच घरी."

ही गोष्ट वाचून तुम्ही हसला असाल. हसा, सरकारी माणसांवर हसायला मंजुरी लागत नाही. पण तुमच्याही शोकेसमध्ये, काचेमागे, एक परदेशी बाटली उभी आहे. आतलं अत्तर कधीच उडून गेलं, बाटली टाकवत नाही. ती ज्या पोराने आणली, त्याला तुम्ही केवढ्याची, कुठल्या दुकानातली, आपल्याकडे मिळते का, हे सगळं विचारलंत. ती घेतली त्या दिवशी दुपारी तो काय जेवला होता, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.